आधी फळ्या बघ, मग नाच बसव

पोरी, गॅदरिंगला बॅले बसवतेस म्हणालीस, तर सुरुवात संगीतापासून कर. रशियात बॅले बसवणाऱ्या मारियस पेतिपानं 1890च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेसाठी संगीतकार चायकोव्हस्कीला कुठल्या प्रसंगाला किती आणि कुठल्या लयीचं संगीत हवं, ते आधीच लिहून दिलं होतं. अमेरिकेत नाच बसवणाऱ्या मर्स कनिंगहॅमचं उलटंच. नाच वेगळा, संगीत वेगळं, भेट थेट प्रयोगात! तू ते नको करू; आपल्याकडं जनरेटर खोकलला की सगळंच विस्कटते.

खरं दुखणं स्टेजचं. बॅलेच्या लाकडी तळाखाली उडी झेलायला लवचीक सोय असते. आपल्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, स्टेजला कुठली? फळ्या टाकल्या, वर सतरंजी, झालं. माझ्या पहिल्याच कार्यक्रमात सतरंजीखालच्या फटीत एकीचा अंगठा अडकला, अन् बिचारी तशीच हसत नाचली. चूक माझी, मी फळ्या पाहिल्याच नव्हत्या. तू स्वतः अनवाणी चालून बघ. सतरंजी काढ, वर आलेले खिळे ठोकून घे.

पोरींना बोटांवर उभं करायचा हट्ट सोड. त्याला वर्षांची तालीम लागते. एक ते आठ मोठ्यानं मोजत बसव. अन् रंगीत तालमीला लाइटवाला हवाच, चहा-आलूपोंगा तुझ्या खिशातून गेला तरी.