छोट्या ट्रॅक्टरला घरचा बॅकहो: आधी ट्रॅक्टरचं वजन बघा, बकेट नंतर

नमस्कार शेतकरी दादा-ताईंनो. सध्या पाइपलाइनचे चर आणि फळबागेचे खड्डे घ्यायचं काम जोरात चालू आहे, त्यामुळं प्रश्न पण बहुतेक एकाच विषयावर आलेत. औशाकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय, सर माझा २४ एचपीचा ट्रॅक्टर आहे, भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे, मागचा खोदायचा पंजा म्हणजे बॅकहो घरीच बनवला तर जमंल का. अंबडचे एक मोसंबीवाले काका म्हणतात जुन्या बागेत नांग्या भरायच्यात पण जेसीबी आत फिरत नाही, फांद्या मोडतो. कंधारहून विचारलंय की भंगारात जेसीबीचे जॅक म्हणजे हायड्रोलिक सिलेंडर मिळायलेत, तेच लावू का. आणि केजच्या एका दादांनी फोटो पाठवलाय, तीन पॉइंटला (मागच्या लिफ्टच्या तीन दांड्यांना) नुसता लटकवलेला बॅकहो, खाली लिहिलंय की असंच केलं तर काय बिघडतं. अनुदानाचं तर जवळपास सगळ्यांनीच विचारलंय.

केजच्या दादांचं आधी घेतो कारण ते जिवाचं आहे. दादा, तसं करू नका. ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर उचलते, खाली दाबून धरत नाही, म्हणजे लिंक वरच्या बाजूला मोकळीच असते. बकेट जमिनीत रुतली आणि तुम्ही आर्म (बकेट धरणारा पुढचा हात) आत ओढला की जमीन सुटायच्या ऐवजी अख्खा बॅकहोच वर उचलून ट्रॅक्टरकडं फिरू शकतो, आणि चालवणारा बसलेला असतो बरोबर मधी, पाठीमागं ट्रॅक्टरचं सीट आणि मडगार्ड. टॉपलिंकची (वरच्या दांडीची) पिन तुटली तर सावरायला वेळच मिळत नाही. माणूस त्यात चेंगरतो. टॉपलिंक जाड केली, साखळ्या बांधल्या, तरी हा धोका जात नाही.

दुसरं म्हणजे आपल्या छोट्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचा डिफरेन्शियल हे एकमेकाला बोल्टनं जोडलेले असतात आणि हे बिडाचं कास्टिंगच सगळा भार झेलतं. नांगर ओढायला ते पुरतं, पण बॅकहोचे हिसके वरखाली आणि आडवे दोन्ही बाजूनं बसतात, त्यानं कास्टिंगला तडा जातो आणि मग दुरुस्ती म्हणजे ट्रॅक्टर मधून उघडणं आलं. म्हणून बॅकहोला स्वतःची सबफ्रेम पाहिजेच. दोन्ही बाजूनं १०० बाय ५० मिलीमीटरचा चॅनल, पुढं जिथं वजनाचं ब्रॅकेट बसतं तिथून सुरू करून ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या एक्सलच्या हाउसिंगपर्यंत, आणि बॅकहो त्या फ्रेमला चार जाड पिनांनी अडकवायचा, म्हणजे काम झालं की काढता पण येतो. कंपनीनं दिलेली बोल्टची भोकं वापरा, हाउसिंगला नवीन ड्रिल मारू नका आणि त्यावर वेल्डिंग तर अजिबात नको, एक तर बिड तडकतं आणि वॉरंटीचा पण प्रश्न येतो.

आता औशाच्या पोराचा प्रश्न. जमंल, पण तू काम बकेटपासून सुरू करायलास असं तू पाठवलेल्या फोटोवरून दिसतंय, ते उलटं आहे. १५ ते २५ एचपीचे ट्रॅक्टर साधारण साडेसहाशे ते नऊशे किलोचे असतात. ६३ मिलीमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलेंडर १५० बार प्रेशरला साडेचार टनाच्या वर जोर लावतो. आता हा जोर दातावर तेवढाच येत नाही, पिनपासून सिलेंडर २० सेंटीमीटरवर आणि दात ६० सेंटीमीटरवर असला तर दातावर तिसरा हिस्सा येतो, म्हणजे दीड टन. तरी तो ट्रॅक्टरच्या वजनाच्या जवळपास दुप्पट झाला ना. म्हणजे जमीन कडक लागली तर माती उकरणार नाही, ट्रॅक्टरच मागं ओढला जाईल नाहीतर उचलंल. तुमच्या मशिनची ताकद सिलेंडरवर ठरत नाही, ट्रॅक्टरच्या वजनावर आणि मागं जमिनीवर टेकणाऱ्या दोन पायांच्या पकडीवर ठरते. म्हणून हे पाय रुंद ठेवा, टायरच्या बाहेर निघतील एवढे, खाली चौकोनी प्लेट आणि तिला खालून उभी पट्टी मारलेली, म्हणजे ती जमिनीत रुतून धरती. पुढं वजनं लावाच. मागं अडीचशे-तीनशे किलो लोखंड लटकल्यावर पुढची चाकं हलकी होतात आणि रस्त्यानं जाताना स्टेअरिंग लागत नाही. एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या एक्सलवर राहिला पाहिजे, वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून बघता येतं.

कंधारच्या भावांनो, भंगारातले जेसीबीचे जॅक नका घेऊ. दिसायला स्वस्त आहेत पण हिशोब बघा. १०० मिलीमीटर बोअरच्या सिलेंडरला ६३ च्या अडीच पट ऑइल लागतं. मिनिटाला २२ लिटर देणारा पंप ६३ बोअरचा ४० सेंटीमीटरचा स्ट्रोक साडेतीन सेकंदाच्या आत भरतो, १०० ला साडेआठ सेकंद. म्हणजे मशिन रेंगाळत चालणार, आणि चाललं की जोर १२ टनाचा, त्यात आपली १० मिलीमीटरची प्लेट वाकणार नाहीतर पिनचे कान फाटणार. शिवाय जुना रॉड खरचटलेला असला की सील टिकतच नाही, नवीन टाकलं की परत गळती. २४ एचपीला बूम (ट्रॅक्टरकडचा मोठा हात) आणि आर्मला ६३, बकेटला ५०, फिरवायला ५० चे दोन आणि पायाला ५० चे दोन, असे सात सिलेंडर नवीन घ्या. खर्च वाचवायचा तर लोखंडात वाचवा, घरच्या वेल्डिंगमध्ये वाचवा, पण पंप, व्हॉल्व्ह, सिलेंडर आणि हायड्रोलिक पाइप यात वाचवू नका.

पंपाबद्दल बऱ्याच जणांना वाटतं की ट्रॅक्टरच्याच लिफ्टचं ऑइल घेऊ. एक तर ते थोडं असतं, आणि तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये फिरत असतं, त्यामुळं सात सिलेंडर भरले की आतली लेव्हल खाली जाते आणि बाहेरची माती-कचरा पाइप जोडताना गिअरमध्ये जातो. वेगळी टाकी करा, ५०-६० लिटरची, आणि पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) वेगळा गिअर पंप बसवा. पीटीओ फिरतो ५४० आरपीएमला, १६ सीसीचा पंप थेट लावला तर मिनिटाला जेमतेम साडेआठ लिटर मिळतं, म्हणून मधी एकास तीनचा स्टेप-अप गिअरबॉक्स लागतो. मग १६०० च्या आसपास आरपीएम मिळतो आणि थोडी घट धरली तरी २२-२४ लिटर ऑइल येतं. एचपी पुरंल का म्हणाल तर सूत्र सोपं आहे, लिटर गुणिले बार भागिले ६००, आलं ते किलोवॅट. २२ गुणिले १५० भागिले ६०० म्हणजे साडेपाच किलोवॅट, पंपाची घट धरून साडेसहा, म्हणजे नऊ एचपीच्या जवळपास. २४ एचपीला आरामात, १५ एचपीला ओढाताण करून. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) १५० बारवर सेट करून सील मारा, नंतर जोर कमी वाटतोय म्हणून कुणी पण तो पिळत बसतं आणि मग पाइप फुटतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत ऑइल पातळ पडतं, त्यामुळं ६८ नंबरचं हायड्रोलिक ऑइल ठेवा, आणि परतीच्या लाइनला फिल्टर पाहिजेच.

लोखंड कापायच्या आधी एक काम करा, हे मी परत परत सांगतो पण कुणी करत नाही. जाड पुठ्ठ्यावर नाहीतर प्लायवर एकास पाच मापात बूम, आर्म, बकेट कापा, खिळ्याच्या पिना लावा आणि सिलेंडरच्या जागी पट्टी धरून हलवून बघा. बंद सिलेंडरची लांबी म्हणजे स्ट्रोक अधिक वीस-पंचवीस सेंटीमीटर असते, ती बसायला जागा आहे का, पूर्ण उघडल्यावर आर्म कुठं जातो, बकेट घडी होऊन ट्रॅक्टरच्या टायरला लागते का, हे सगळं पुठ्ठ्यावर कळतं. बूम एक मीटर ३० ते ४० सेंटीमीटर, आर्म मीटरभर, एवढ्यात पाच फुटापर्यंत खोली मिळते आणि आपल्या कामाला ती भरपूर झाली. वेल्डिंगला साधी पातळ रॉड वापरू नका, ७०१८ ची लो-हायड्रोजन रॉड घ्या आणि ती ओल धरलेली नको, तापवून वापरा. पिना ईएन ८ स्टीलच्या, बुश बदलता येतील असे, प्रत्येक पिनला ग्रीस निप्पल. बूम डाव्या-उजव्या बाजूला फिरतो तिथला उभा खुंटा सगळ्यात आधी सैल होतो, तिथं पिन सगळ्यात जाड ठेवा.

बकेटचं आपल्या भागाचं वेगळं आहे. इंटरनेटवरचे नऊ इंचाचे बकेट बघून तसं बनवलं तर काळ्या रानात माती त्यात गच्च बसते, उलटं केलं तरी पडत नाही, मग माणूस खाली उतरून टिकावानं खरवडत बसतो. काळ्या जमिनीला १२ इंचाच्या खाली जाऊ नका आणि बकेट तोंडाकडं रुंद, बुडाकडं निमुळतं ठेवा, बाजूच्या प्लेटा एकदम समांतर नकोत. मुरमाला दात पाहिजेत, जेसीबीचे बदलीचे दात मिळतात तसे छोटे लावा, झिजले की बदलता येतात. खाली काळा पाषाण लागला की थांबा, तिथं हे मशिन काही करू शकत नाही, उगी सिलेंडर वाकतो. आणि वापसा बघून काम करा. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळून दगडासारखी होते, त्यापेक्षा खरीप निघाल्यावर थोडी ओल असताना चर काढून घेतला तर डिझेल पण कमी लागतं. पाइपलाइन काळ्या रानात तीन फूट खाली घाला, वरवर घातली की जमीन फुगते-आकसते आणि जॉइंट सुटतात.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांच्या सोयाबीनमध्ये पाणी थांबून राहिलं त्यांनी या मशिनचा पहिला उपयोग पाणी काढायच्या चरासाठी करावा असं मला मनापासून वाटतं. बांधाच्या कडंनं उताराला धरून दोन-तीन फुटाचा चर, ओढ्यापर्यंत नेलेला. शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडायचं नाही, आधी बोलून घ्या.

अंबडच्या काका, तुमच्या कामाला हे मशिन खरंच चांगलं आहे. मोसंबीला मीटर बाय मीटर बाय मीटर खड्डा लागतो आणि ऑगरनं (खड्डे पाडायच्या गिरमिटानं) ओल्या काळ्या मातीत खड्डा घेतला की कडा गुळगुळीत, चोपड्या होतात, मुळं आणि पाणी त्यातून लवकर जात नाही. बकेटचे दात कडा खरवडतात. शिवाय वरची एक फुटाची चांगली माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकता येतो, भरताना चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरा. जुनं झाड मूळकुज किंवा डिंक्यानं गेलं असंल तर जुनी मुळं सगळी बाहेर काढा आणि खड्डा उन्हात चांगला तापू द्या. ड्रिपची लॅटरल आधी गुंडाळून ठेवा बरं का.

विहीर, शेततळं, सात-आठ फुटाचा खड्डा, असली कामं याच्यावर घेऊ नका. आणि पाच फुटाच्या उभ्या चरात माणूस उतरवू नका, काळी माती भेगेवरून एकदम ढासळते, पाइप वरूनच सोडा. खोदायच्या आधी शेजाऱ्याची पाइपलाइन, नळयोजनेची लाइन, मोटारीची केबल कुठून गेली ते गावात विचारा.

अनुदानाचं सरळ सांगतो, घरी बनवलेल्या बॅकहोला अनुदान मिळत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणातून जे औजार मिळतं त्याला अधिकृत तपासणी केंद्राचा अहवाल आणि विक्रेत्याचं जीएसटी बिल लागतं, आपल्या वेल्डिंगच्या दुकानातल्या मशिनचं ते नसतं. आणि शेतीच्या नावावर नोंदवलेला ट्रॅक्टर घेऊन भाड्यानं रस्त्याची, घराच्या पायाची कामं करायला लागलात आणि अपघात झाला तर विमा अडकतो. विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. आपल्या रानात आणि भावकीत वापरण्यापुरतं हे चांगलं आहे. वर्षाला किती तास काम पडणार ते खरं खरं लिहून काढा, भागातल्या जेसीबीच्या भाड्यानं गुणा, आणि पंप-सिलेंडरच्या कोटेशनशी ताडून बघा. दोन-तीन एकराच्या एका पाइपलाइनसाठी मशिन बनवणं परवडत नाही, तिथं भाड्यानंच करून घ्या.

ऑइलची एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पाइपला सुईएवढं छिद्र पडलं तर ऑइल कातडी फोडून आत घुसतं, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, दुखत पण नाही फार, पण बोट किंवा हात काढायची वेळ येते. गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठा फिरवून बघायची. ऑइल घुसलं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि प्रेशरचं ऑइल आत गेलंय असं डॉक्टरला स्पष्ट सांगा, साधी जखम म्हणून पट्टी बांधून घरी येऊ नका. लिव्हर सीटवर बसूनच चालवा, जमिनीवर उभं राहून नाही. पीटीओच्या शाफ्टला गार्ड लावा, आणि बूम फिरतो तेवढ्या घेऱ्यात पोरंसोरं, जनावरं येऊ देऊ नका.

ज्यांना बनवायचंच आहे त्यांनी ट्रॅक्टरचं मॉडेल, आरसी बुकावरचं वजन, मागच्या एक्सलचा आणि पुढच्या ब्रॅकेटचा फोटो टेप लावून, आणि पुठ्ठ्याच्या मॉडेलचा व्हिडिओ घेऊन तालुका कृषी कार्यालयात या. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सबफ्रेमचं ड्रॉइंग तिथं दाखवून घेऊ, मगच प्लेट कापा.