वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला नवी टाकी

प्रश्न : १९६८ सालची जावा २५० आहे. मूळ टाकी तळाला सडली. दिल्लीच्या करोल बागेतून रंग आणि क्रोम केलेली नवी टाकी मागवावी म्हणतो. काय बघून घ्यावी? – एक वाचक, देवगड

उत्तर : रंगवलेली घेऊ नका. रंगाखाली किती पुट्टी भरली आहे ते कळत नाही, आणि पुट्टी पेट्रोल पाझरायला लागेपर्यंत सगळं झाकून ठेवते. कच्ची, नुसत्या पत्र्याची टाकी मागवा.

आधी पत्र्याची जाडी बघा. खालच्या कडेला दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतात. तिथे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा आणि येईल त्याचं निम्मं करा. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, २२ गेज म्हणजे ०.७. आपल्या खाऱ्या हवेत ०.९ च्या खाली जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बाजूचा फुगीर भाग अंगठ्यानं दाबल्यावर टक् करून आत-बाहेर होत असेल तर ती टाकी परत करा.

मग जोड. कारखान्यातला रोलरचा जोड एकसारखा, सलग दिसतो. हातानं गॅस वेल्डिंग करून वर ग्राइंडर फिरवलेला जोड दिसायला गुळगुळीत असला, तरी घासताना शेजारचा पत्राही पातळ होतो, आणि गळती तिथूनच सुरू होते. तपासायचं असं : कॉकचं (पेट्रोल सोडायच्या तोटीचं) भोक बोल्ट आणि वायसरनं बंद करा, सगळ्या जोडांवर बाहेरून खडू घासा आणि आत दोन लिटर डिझेल ओता. टाकी दर काही तासांनी कूस बदलून ठेवा. एका दिवसात खडूवर ओला डाग उमटला तर तिथे बारीक छिद्र आहे. पाण्यानं तपासू नका, आत लगेच गंज धरतो. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच भरू नका, बाजू फुगून टाकीचा आकार जातो.

गळती नाही असं ठरलं की रंगाआधी टाकी गाडीवर चढवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. झाकण, कॉकचे आटे, गुडघ्याची रबरं, सगळं बसतंय का बघा. बोल्टची भोकं बऱ्याचदा काही मिलिमीटर चुकलेली असतात. ती बोल्ट आवळून जुळवली की भोकाची पट्टी कायम ताणाखाली राहते आणि इंजिनाच्या थरथरीनं वेल्डिंगपाशी तडकते. भोक कानशीनं लांबट करा आणि रबरी वायसर दोन्ही बाजूंनी घाला.

क्रोम सगळ्यात शेवटी. क्रोमचा थर जेमतेम ०.३ मायक्रॉनचा असतो, खारा वारा अडवतं ते खालचं निकेल. प्लेटिंगवाल्याकडे २० ते ३० मायक्रॉन निकेल मागा. टाकी प्लेटिंगच्या द्रावणात (बाथमध्ये) जाण्याआधी सगळी तोंडं घट्ट बंद झाली आहेत का, हे उभं राहून बघा. आत गेलेलं ॲसिड जोडाच्या घडीत बसतं आणि नंतर आतून पत्रा खातं.

प्रश्न : बुलेटला नवी टाकी बसवून दोन महिने झाले. कार्बोरेटरच्या वाटीत तांबूस भुकटी साचते, जेट (पेट्रोलचं बारीक भोक) चोंदतो. टाकीला आतून लेप द्यावा का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : लेप नको. गंजावर दिलेला लेप पोपडे धरतो. साधे लेप तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये मऊ होऊन सुटतात आणि जेट पुन्हा चोंदतो.

आत जस्ताचा थर असेल तर ॲसिड वापरू नका, जस्त निघून जाईल. नुसता पत्रा असेल तर टाकी उतरवून कॉक काढा, पेट्रोल पूर्ण काढून साबणाच्या पाण्यानं धुवा. मग कॉकचं भोक बंद करून लिटरमागे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. सहा ते बारा तासांत पत्रा करडा दिसायला लागतो. रिकामी करून लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, मग साध्या पाण्यानं. इथून पुढे घाई करा, ओला उघडा पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. ब्लोअरच्या गरम हवेनं सुकवा आणि १०० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) आत सगळीकडे फिरवा. हे काम कोरड्या दिवसांत करा, आषाढात टाकी सुकत नाही.

गंज आला कुठून? पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून वेगळी होतात आणि तळाला बसतात. टाकी चौकटीच्या नळीवर खोगिरासारखी बसते, तिला दोन पोटं. कॉक नसलेल्या पोटातलं पाणी निघायला वाटच नसते, म्हणून गंज तिथे आधी दिसतो. बॅटरीचा झोत तिथेच टाका. पावसाळ्यात गाडी पडवीत उभी राहणार असेल तर टाकी उतरवून, उलटी करून ते पोट रिकामं करा आणि आत ऑइल फिरवून ठेवा.

प्रश्न : फायबरची टाकी गंजत नाही. ती का घेऊ नये? – एक वाचक, गुहागर

उत्तर : इथेनॉलमुळे. साध्या पॉलिस्टर रेझिनची टाकी त्यात हळूहळू विरघळते, आणि तो चिकट राळेसारखा पदार्थ इंजिनात जाऊन वाल्व्ह अडकवतो. अशी टाकी बसवलेली असेल तर आजच कॉक काढून जाळी बघा. जाळीला बोट लावल्यावर चिकट तार सुटली तर गाडी सुरू करू नका.