पॉटर म्हणजे कुंभारच का?

प्रश्न असा आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातल्या बर्स्लेम गावाविषयीचा मजकूर मराठीत आणताना एका वाचक बाईंपुढे १८८१च्या शिरगणतीतले आणि जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांतले व्यवसाय आले: पॉटर, प्लेसर, फायरमन, पेंट्रेस, क्रेटमेकर, चायना डीलर, बिअरसेलर. त्या विचारतात, यांतल्या भांड्यांशी संबंध असलेल्या सगळ्यांना 'कुंभार' म्हणून मोकळं होता येईल का? आणि दुकानदारांना 'वाणी' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही चालणार नाहीत. त्या यादीत 'थ्रोअर' असा कुणी सापडला तर त्याला खुशाल कुंभार म्हणा, कारण चाकावर बसून हातानं भांडं चढवणारा तोच. बाकीच्यांना त्यांच्या कामावरून नाव द्यावं लागेल.

आपला कुंभार हा अख्खा कारखाना असतो. माती आणणं, तुडवणं, चाक फिरवणं, थापटण्यानं ठोकून मडकं फुगवणं, आवा रचणं, पेटवणं हे सगळं एका घरात चालतं. बाजारात गाडगी-मडकी घेऊन बसायला घरचीच बाई जाते. शिवाय जुन्या गावगाड्यात तो बलुतेदार, म्हणजे सुगीला धान्याचा वाटा घेणारा. शब्द उच्चारला की गोरोबाकाकांपासून संक्रांतीच्या सुगडांपर्यंत सगळं मागोमाग येतं. हे सामान बर्स्लेमच्या मजुराच्या डोक्यावर लादलं तर वाचकाला भलताच माणूस दिसेल.

तिकडची व्यवस्था उलटी होती. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँग्टन ही सहा गावं एकाला एक लागून आहेत. १९१० साली ती एकत्र करून स्टोक-ऑन-ट्रेंट झालं, पण लोकांच्या तोंडी त्या सगळ्या भागाचं नाव 'पॉटरीज'. (हे नाव तसंच ठेवा. 'कुंभारवाडा' लिहिलंत तर मुंबईकर थेट गिरगावाच्या पलीकडे पोचेल.) नामांकित भांडी-कारखानदार जोसाया वेजवूड हा बर्स्लेमचाच. त्यानं १७६९मध्ये एट्रुरिया नावाचा कारखाना काढला, तेव्हा तिथे कामाची बारीक वाटणी झालेलीच होती. एक जण माती आणि पाण्याची राबडी कालवणार, एक चाकावर बसणार, एक भांडं कातून साफ करणार, एक कपाला कान बसवणार, एक झिलईत बुडवणार. पुढे साचे आल्यावर बशा करणारा 'जिगरर' आणि कप करणारा 'जॉलियर' हेसुद्धा वेगळे झाले. त्यामुळे शिरगणतीत नुसतं 'पॉटर' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की हा माणूस भांड्यांच्या कारखान्यात कामाला जातो. नेमकं काय करतो ते कळत नाही. तिथे 'भांडी-कारखान्यातला कामगार' असं सरळ लिहावं. त्या कारखान्याला तिकडे 'पॉटबँक' म्हणतात. पेढीशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा 'बँकेत नोकरीला' असं भाषांतर चुकूनही होऊ देऊ नका.

आता भट्टीवरची माणसं. इथे मराठी शब्द फार चांगले लागू पडतात. भट्टी म्हणजे 'बॉटल अव्हन', बाटलीच्या आकाराचं विटांचं मोठं धुराडं आणि त्याच्या पोटात प्रत्यक्ष भाजण्याची खोली. भरभराटीच्या काळात या भागात अशा दोनेक हजार भट्ट्या होत्या, आज पन्नासच्या आतच उरल्या आहेत. आपला 'आवा' उघड्यावर, काटक्या-गोवऱ्यांत रचलेला असतो, म्हणून इथे 'भट्टी' बरा. कच्चं भांडं ज्वाळेत उघडं ठेवलं तर धुरानं आणि राखेनं खराब होतं. म्हणून ते आधी जाड, खरबरीत मातीच्या पेटीत ठेवायचं. ही पेटी म्हणजे 'सॅगर'. इंग्रजीतल्या रक्षण-अर्थाच्या 'सेफगार्ड'चा हा घासलेला अवतार असावा, असं मानतात. त्याला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, 'सॅगर' ठेवा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात समजावून द्या.

हे भरलेले सॅगर भट्टीत नेऊन रचणारा तो 'प्लेसर'. एका भरल्या सॅगरचं वजन पंचवीस किलोच्या आसपास, आणि ते तो डोक्यावर नेई. टोपीच्या आत जुन्या मोज्यांची वळी घालून त्यावर पेटी तोलायची. मराठीत याला 'चुंबळ' हा नेमका शब्द आहे, तो जरूर वापरा. भट्टीत शिडीवर चढून त्यानं सॅगरवर सॅगर ठेवत छतापर्यंत चळत लावायची, मध्ये मातीच्या वळकट्या दाबायच्या, म्हणजे पेटीत धूर शिरत नाही. या चळतीला तिकडे 'बंग' म्हणतात. मला इथे 'उतरंड' लिहावंसं वाटतं. कुणी म्हणेल, उतरंडीतली मडकी वर वर लहान होत जातात आणि सॅगर सगळे सारखे. आक्षेप बरोबर आहे, पण डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते 'उतरंड'नंच राहतं. प्लेसरला 'भट्टी रचणारा' म्हणा.

'फायरमन'मध्ये मात्र सापळा आहे. आपल्याकडे या शब्दावर बंबवाला उभा राहतो. पॉटरीजमधला फायरमन आग विझवत नाही, तो ती लावतो आणि राखतो. एका भाजणीला दोन-तीन दिवस आणि पंधरा टनांपर्यंत कोळसा लागे. तेवढा वेळ तो भट्टीपाशीच असे, डुलकी मिळाली तर मिळाली. ताव कमी-जास्त झाला तर सबंध भट्टीचा माल जायचा. मी त्याला 'भट्टीवाला' म्हणेन. बाकी कुणाचीही चूक असो, खापर त्याच्यावर फुटायची शक्यता सगळ्यात जास्त. पण पैसे कापले जायचे ते घडवणाऱ्याचे. एकोणिसाव्या शतकात 'गुड फ्रॉम अव्हन' अशी रीत होती, भट्टीतून धड निघालेल्या नगांचीच मजुरी. तुम्ही बशी उत्तम केलीत, रचणाऱ्यानं ती वाकडी ठेवली, भट्टीवाल्यानं करपवली, तरी तुमच्या हातात शून्य. १८३६च्या संपामागे ही एक मोठी तक्रार होती. याला 'धड निघेल त्याचेच पैसे' असं बोलीत लिहिलं तरच त्यातला अन्याय कळतो. 'भट्टीतून उत्तम' असं शब्दशः आणलंत तर ती एखादी जाहिरात वाटेल.

त्या यादीत नसलेला पण हमखास भेटणारा एक धंदा आहे: 'सॅगर मेकर्स बॉटम नॉकर'. १९५०च्या दशकात बीबीसीवर लोकांचा व्यवसाय ओळखायचा एक खेळ चाले, त्यात हा व्यवसायवाला आला आणि परीक्षकांना हरवून गेला. तेव्हापासून इंग्लंडभर हे नाव हसण्यासाठी घेतात, आणि मराठीतही कुणीतरी त्याचा चावट तर्जुमा करणारच. काम अगदी साधं होतं. लोखंडी कड्यात माती घालून जड लाकडी ठोकळ्यानं ती आपटत सॅगरचा तळ तयार करायचा. बहुधा पोरगाच असे. दुसरा जण चौकटीत माती ठोकून बाजूची पट्टी करी, आणि सॅगर करणारा ती पट्टी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून तळाला जोडी. 'सॅगरचा तळ थापणारा पोऱ्या' एवढं पुरे. भाकरी थापणारी आणि गोवऱ्या थापणारी भाषा ही, 'थापणं' तिला नवीन नाही.

'पेंट्रेस' हा या भागाचा लाडका शब्द, अजून चालतो. कपबशांवर कुंचल्यानं फुलं-पानं काढणारी बाई. क्लॅरिस क्लिफ ही टन्स्टॉलची, १८९९चा जन्म, मुलगी असल्यापासून याच कामात होती आणि पुढे तिच्या नावाची भांडी खपली. 'चित्रकार' म्हणावं तर शब्द फार उंचावर जातो. सावंतवाडी-गोव्याकडे लाकडी खेळणी, पाट रंगवणारा तो 'चितारी', म्हणून 'चितारीण' सुचतं. पण मराठीत '-ईण' लावलं की बरेचदा कामापेक्षा नातं कळतं: कुंभारीण म्हणजे कुंभाराची बायको, नाहीतर भिंतीवर मातीचं घर करणारी ती माशी. 'सुईण' आणि 'बोहारीण' यांना स्वतःचा धंदा आहे, 'चितारीण'ला तो मिळेल की नाही ते संदर्भावर. मी 'भांडी चितारणारी' लिहीन.

जाता जाता एक धागा. तरुणपणी बर्स्लेमच्या भांडी-कारखान्यात काम केलेला आणि तिथल्या वेजवूड इन्स्टिट्यूटच्या दर्शनी भागाच्या नक्षीत हात असलेला एक माणूस १८६५मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला. जॉन लॉकवुड किपलिंग. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याची. त्याच वर्षी मुंबईत झालेल्या मुलाचं, म्हणजे लेखक रडयार्ड किपलिंगचं, नाव स्टॅफर्डशरमधल्या रडयार्ड तळ्यावरून ठेवलं, तिथे नवरा-बायकोची पहिली भेट झाली होती.

दुकानदारांकडे वळू. 'वाणी'ला हरकत तीच, की त्यात धंद्याबरोबर जातही येते. किराणा विकणारा असेल तर 'किराणा दुकानदार' लिहा. 'चायना डीलर' हा चीनशी व्यापार करत नाही, तो चिनीमातीची भांडी विकतो. 'बिअरसेलर'ला 'गुत्तेवाला' म्हणू नका. १८३०च्या कायद्यानं दोन गिनी भरून कर भरणाऱ्या कुणालाही आपल्या घरात बिअर विकायचा परवाना मिळू लागला, त्यातून हे घरगुती अड्डे निघाले. सरकारी मक्त्याचा वास असलेला 'गुत्ता' इथे बसत नाही. 'घरी बिअर विकणारा' हे सपक असलं तरी खरं आहे. शनिवारच्या पगाराशीही या दारूच्या दुकानांचं नातं होतं. कारखानदार चार-पाच मजुरांचा मिळून पगार एकाच ठोक नाण्या-नोटेत देई, आणि मोड मिळायची ती दारूच्या दुकानात. मोड घ्यायची म्हणजे काहीतरी प्यायला हवं. घरची बाई दारात उभी, आणि इकडे सुटे पैसे होताहेत.

'क्रेटमेकर'ला 'खोकी बनवणारा' म्हटलं तर चूक होईल. हे क्रेट फळ्यांचे नव्हते. लवचीक काठ्या वाकवून, विणून केलेले मोठाले हारे असत, त्यांत गवताच्या काडीत गुंडाळून भांडी भरायची आणि कालव्यावरच्या नावेत चढवायची. ट्रेंट आणि मर्सी नद्या जोडणारा तो कालवा १७७७मध्ये पुरा झाला. त्याआधी माल खडबडीत रस्त्यांनी जायचा, आणि किती फुटायचा ते सांगायला नको. कामावरून पाहिलं तर हा बुरूडच, पण पुन्हा जातीचा प्रश्न, म्हणून 'हारे विणणारा'.

डिरेक्टरीत 'स्टिल्ट ॲण्ड स्पर मेकर' दिसला तर चक्रावून जाऊ नका. झिलई दिलेली बशी भाजताना खाली चिकटू नये म्हणून तिच्याखाली मातीची चिमुकली तिवई ठेवतात, ती करणाऱ्यांचे स्वतंत्र कारखाने होते. घरात जुनी विलायती बशी असेल तर उपडी करून पाहा, तळाशी तीन बारीक ओरखडे सापडण्याचा चांगला संभव आहे. तिकडचे लोक परगावी जेवायला गेले तरी ताटली उलटून मागचा शिक्का बघतात, त्यांची त्यावरून थट्टाही होते.

मालाच्या प्रतीचे शब्द दुकानात लागतील. निर्दोष तो 'बेस्ट', किंचित डाग असलेला 'सेकंड', त्याखालचा 'लम्प'. आपल्या भांडीबाजारात 'सेकंडचा माल' सर्रास म्हणतात, तेव्हा तो तसाच घ्या. 'लम्प'ला 'टाकाऊ' म्हणू नका, तो विकला जात होता. 'उतार माल' म्हणा. खरोखर टाकाऊ तुकड्यांचे ढीग, 'शोर्ड रक', कारखान्यांच्या पाठीशी साचत. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर यायचीच, ही म्हण तिथल्या बायकांनाही लगेच कळली असती.

फिरत्या विक्रेत्यांसाठी एक शब्द आपल्याकडे तयार आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांत कपबशांची टोपली घेऊन फिरणारे विक्रेते पैशाऐवजी जुने कपडे घेत. त्यांत बाई असेल तर बिनदिक्कत 'बोहारीण' लिहा. पुरुष असेल तर 'बोहारी' लिहू नका, त्याला वाचक बोहरी समजेल. 'जुन्या कपड्यांवर भांडी देणारा' असं सविस्तर लिहावं लागेल.