वाचकांचे प्रश्न : सीटला काढता-घालता येणारा बॅकरेस्ट

प्रश्न : सर, लांब राइडला गेलो की कंबर पार भरून येते. चालवणाऱ्याच्या पाठीला टेकू देणारा बॅकरेस्ट बसवायचाय, पण मागे बायको बसते म्हणून हवा तेव्हा काढता आला पाहिजे. ओळखीतला एकजण म्हणतो सीटखालच्या प्लास्टिकला भोकं पाडून पट्टी मारून देतो. चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि यावर जरा जास्तच लिहितो कारण बरेच जण इथेच फसतात. सीट काढून उलटी करून बघा, खाली जो प्लास्टिकचा बेस दिसतो तो वरून पडणारं वजन झेलायला बनवलेला असतो, मागे उपटणारा जोर त्याला झेपत नाही. हिशोब करून बघा ना, बॅकरेस्टची गादी पट्टीपासून ३० सेंटिमीटर वर आहे आणि पिकअप घेताना तुमच्या पाठीचा ३० किलोचा भार तिच्यावर आला, तर खालच्या जोडावर साधारण ९० न्यूटन-मीटरचा जोर येतो. बऱ्याच मोठ्या बाइक्सच्या मागच्या अ‍ॅक्सलचा नट साधारण एवढ्याच जोराने आवळतात! प्लास्टिकमधला स्क्रू एवढं कुठून सहन करणार, आधी भोक मोठं होणार मग बेसला तडा जाणार. गादी जितकी उंच तितका हा जोर वाढतो हेही लक्षात ठेवा.

म्हणून भार फ्रेमवर गेला पाहिजे. सीटचे किंवा ग्रॅब रेलचे (मागे बसणाऱ्याने धरायच्या कडीचे) बोल्ट फ्रेममध्ये जिथे बसतात तिथेच जाड पट्टीचं ब्रॅकेट घ्यायचं, त्याला एक चौकोनी नळी, नळीत बॅकरेस्टचा दांडा आणि आरपार पिन. गोल नळी नको, दांडा फिरत राहतो. वेल्डिंग काय करायचं ते ब्रॅकेट बाहेर काढून टेबलावर करा, फ्रेमला वेल्डिंग अजिबात नको, वेल्डिंगच्या टाक्याच्या आजूबाजूचा धातू तापून कमजोर होऊ शकतो.

आता एक गोष्ट जी कुणीच तपासत नाही. नवीन ब्रॅकेटच्या जाडीमुळे लांब बोल्ट घेतला जातो आणि त्याचं टोक खाली मडगार्डच्या आत निघतं. गाडी उभी असताना काहीच कळत नाही, दोघं बसून खड्ड्यात आदळलात आणि शॉकअप पूर्ण दबला की टायर त्या टोकाला घासतो. बोल्ट बसवल्यावर खाली वाकून, हात घालून बघाच. तसंच सीट परत बसवताना ब्रॅकेटखाली वायरिंग चेपत नाही ना, सीटचं लॉक पूर्ण लागतंय ना, तेही बघा.

तुमची सीट दोन तुकड्यांची असेल तर दांडा मधल्या फटीतून वर येतो, सोपं काम. एकसलग असेल तर कव्हरला चीर द्यावी लागते, मग तिथून पावसाचं पाणी आत जातं, फोम भिजतो आणि लवकर वाळत नाही, तेव्हा सीटवाल्याकडून चिरेवर झाकणपट्टी शिवून घ्या.

उंची ठरवताना नेहमीचं जॅकेट घालून बसा. गादी बेल्टच्या जरा वर, कमरेच्या खोलगट भागाला नुसती लागली पाहिजे, ढकलायला नको. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठल्याही बाजूला कोपर ताठ होत असेल तर गादी फार मागे गेलीय. आणि वहिनींचा विचार करा हो, जोरात ब्रेक लागला तर त्या याच गादीच्या मागच्या बाजूवर येणार, तिथे उघडा बोल्ट किंवा टोकदार नॉब नको, मागूनही फोम लावून घ्या.

प्रश्न : माझी बाइक कन्व्हर्ट करून ट्राइक, म्हणजे तीनचाकी, केलीय. बाइकचा जुना बॅकरेस्ट पडून आहे, तोच लावू का?

उत्तर : लागेल की नाही हे तो कुठे बसत होता त्यावर आहे. मागच्या मडगार्डच्या पट्ट्यांवर बसत असेल तर विसरा, कन्व्हर्जनमध्ये मागचा भाग बदलला जातो आणि त्या जागाच राहत नाहीत. फायबरच्या बॉडीला भोक पाडून लावायचा मोह होईल, तोही नको, तडे जातात. फ्रेमपर्यंत पोचायचा रस्ता शोधा, आणि मागे डिकी असेल तर बॅकरेस्ट लावलेला असताना झाकण पूर्ण उघडतंय का बघा.

आणखी एक, बाइक वळणावर आत झुकते म्हणून तुम्ही सीटवर सरळ दाबले जाता, ट्राइक झुकत नाही आणि अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. सपाट गादीवरून पाठ घसरते, म्हणून दोन्ही कडा जरा पुढे आलेली, थोडी रुंद गादी घ्या, फरक कळेल.

प्रश्न : माझा बॅकरेस्ट चालत्या गाडीत खुळखुळतो. पिन तर घट्ट आहे.

उत्तर : पिन घट्ट असेल पण दांडा नळीत सैल असणार. नळीच्या बाजूने एक नॉब लावून घ्या जो पिळला की दांड्याला एका अंगाला दाबून धरतो, खुळखुळ बंद. पिनचं भोक लांबट झालं असेल तर मात्र दांडाच बदला. ब्रॅकेटला नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, हादऱ्यांनी सहज सैल न होणारा) वापरा आणि पहिल्या एक-दोन राइडनंतर परत पाना लावून बघा. आणि त्या बॅकरेस्टला मागून बॅग बांधत असाल तर आधी ती काढा, बहुतेक दुखणं तिथंच असेल.