बाळ एनआयसीयूत आहे, घरच्यांनी काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की वहिनींना 32 व्या आठवड्यात मुलगा झाला, दीड किलोचा आहे, पाच दिवस झाले एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, आणि आजी सारखं म्हणतायत की सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. तर आधी तेच. हे आम्हालाही ऐकवलं गेलं होतं आणि ते साफ खोटं आहे. पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या कामी येतो, फुफ्फुसं, मेंदू, आतडी सगळंच थोडं थोडं तयार होत असतं, त्यामुळे 32 आठवड्यांचं बाळ 28 च्या बाळापेक्षा पुष्कळ पुढे असतं. आजींना समजावा, नाही पटलं तरी चालेल पण वहिनींच्या कानावर हे पडू देऊ नका, हात जोडून सांगतो.

आमची मुलगी 29 व्या आठवड्यात झाली, 1140 ग्रॅमची. बायकोचं बीपी एकदम वाढलं, चेहऱ्याला सूज, डोकं फुटेल असं दुखत होतं, डॉक्टर म्हणाले फार थांबता येणार नाही, बाळाच्या फुफ्फुसांसाठी तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि दोन दिवसांनी सिझर. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा तोंडावर सीपॅपचा, म्हणजे श्वासाला हवेचा दाब देणाऱ्या मशीनचा मास्क होता, बेंबीतून सलाइन, आणि पावलाला ऑक्सिजन मोजायचा सेन्सर बांधलेला, त्यातला लाल दिवा पावलाच्या आरपार दिसत होता इतकं ते पातळ होतं. मला हात लावायची भीती वाटली. सिस्टर म्हणाल्या, चोळू नका, नुसता एक हात डोक्यावर आणि एक पायांवर ठेवा, स्थिर. तसा ठेवला तर दोन मिनिटांत तिची धडपड थांबली.

मॉनिटर वाजला की जीव खाली-वर होतो ते तुम्ही अनुभवतच असाल. इतकी लहान बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात, मेंदूला अजून ती सवय झालेली नसते, म्हणून त्यांना कॅफिन देतात, हो तेच कॉफीतलं. आमच्या वेळी सिस्टर येऊन तळपायाला हलकेच टिचकी मारायच्या की परत श्वास सुरू. महिनाभरात ते हळूहळू बंद झालं. आणि पहिल्या आठवड्यात वजन घटलं तर घाबरू नका, आमचं 1140 वरून 1040 वर आलं होतं, परत 1140 व्हायला दोन आठवडे लागले.

आता घरच्यांचं काम. सगळ्यात मोठं काम म्हणजे वहिनींचं दूध. बाळ अजून ओढत नसलं तरी दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, रात्रीसुद्धा, नाहीतर ते येणं कमी होतं. माझ्या बायकोला पहिल्या दिवशी हाताने दाबून दाबून चमचाभरसुद्धा निघालं नाही, ती रडायला लागली, सिस्टरांनी ते सात-आठ थेंब सिरिंजमध्ये ओढून घेतले आणि बाळाच्या गालात सोडले, म्हणाल्या हे सोनं आहे. पुढचे तीन दिवस मिल्क बँकेतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळालं, पाश्चराइज केलेलं. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये 1989 साली अशी बँक सुरू झाली, आशियातली पहिली, आता बऱ्याच शहरांत आहेत, तुमच्या डॉक्टरांना विचारा. रात्री दोनला आणि पाचला मी उठून पंप उकळून द्यायचो, डबीवर तारीख-वेळ लिहायचो आणि सकाळी आइसबॉक्समधून पोचवायचो. हे तुम्ही करू शकता, तुमचा भाऊ करू शकतो. बाळंतिणीने सव्वा महिना बाहेर पडू नये वगैरे कृपया आणू नका, तिला रोज बाळाजवळ पोचवा, खाणंपिणं तिथे नेऊन द्या.

दुसरं, कांगारू. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, आणि उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून कापड बांधायचं. हे 1978 साली कोलंबियात बोगोटाच्या एका हॉस्पिटलमध्ये बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झालं आणि आता डब्ल्यूएचओ सांगतं की दिवसाला 8 ते 24 तास, जितकं जमेल तितकं द्या. तुम्ही डॉक्टरांना स्वतःहून विचारा कधी सुरू करायचं, कोणी सांगेल म्हणून थांबू नका. बायकोचे टाके दुखायचे तेव्हा मी बसायचो, आणि माझी आई, वय 63, आयुष्यात कधी असलं पाहिलेलं नाही, तीसुद्धा पदराआड नातीला छातीशी घेऊन दोन-दोन तास हलायची नाही.

तिसरं विसरूच नका, डोळे. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी 30 दिवसांच्या आत झालीच पाहिजे, या बाळांना पडद्याचा आरओपी नावाचा आजार होऊ शकतो, तो बाहेरून बघून काहीच कळत नाही आणि वेळेत सापडलं तर लेसरने नजर वाचते. आमची मुलगी 1200 ग्रॅमच्या आतली, तिची तर तिसऱ्या आठवड्यातच व्हायला हवी होती, पण पहिल्या दवाखान्यातून दुसरीकडे हलवताना कागदावर ते राहूनच गेलं. 26 व्या दिवशी नवीन वॉर्डातल्या सिस्टरांनी सहज विचारलं, डोळे दाखवले का? त्याच दिवशी डॉक्टर आले, सुरुवातीचे बदल होते, दर आठवड्याला बघत राहिले, आपोआप निवळलं. तो प्रश्न त्यांनी विचारला नसता तर, हे आजही मला रात्री आठवतं. तारीख आत्ताच विचारून लिहून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास कक्ष असतो, तिथे नवजात बाळाचे उपचार मोफत होतात, खासगीत असाल तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का ते काउंटरवर विचारा, लाजू नका.

आम्ही 52 व्या दिवशी घरी आलो, 1840 ग्रॅम. बारसं राहिलं होतं ते अडीच महिन्यांनी केलं. घरी आल्यावर लोक विचारतील अजून मान धरत नाही, अजून पालथी पडत नाही, तर वय ड्यू डेटपासून मोजायचं, लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. आमची 11 महिन्यांची झाली तेव्हा आधाराशिवाय बसली, म्हणजे हिशेबाने साडेआठच्या आसपास, आणि आता बालवाडीत जाते.

वहिनींनी दूध काढायला सुरुवात केली का आणि बाळ ऑक्सिजनवर आहे का, ते खाली लिहा, मी रोज बघतो.