‘ट्रेनमध्ये सगळे माझ्याकडेच बघतात’

“मॅडम, इथे लोक माझ्याकडे असे बघतात की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. आता मी भाजी आणायलासुद्धा एकटी जात नाही.”

स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहणाऱ्या, तिशीतल्या एका मुलीचं हे बोलणं. समुपदेशक म्हणून माझ्याकडे ही तक्रार सतत येते. जर्मनीत शिकायला गेलेला मुलगा, जपानच्या आडगावी नोकरीला लागलेला इंजिनिअर, लेकाकडे राहायला गेलेल्या आणि रोज साडी नेसून फिरायला निघणाऱ्या आजी. प्रत्येकाची मांडणी वेगळी, पण विचारायचं असतं एकच: लोक टक लावून बघतात, त्याचं करायचं काय? या मुलीच्या परवानगीने तिची गोष्ट सांगते आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती नाशिकची. पुण्यात नोकरी करत होती, हाताखाली माणसं होती. नवरा गाड्यांच्या उद्योगात, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या परवान्यावर, जर्मनीला गेला. ब्लू कार्ड असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे लग्नानंतर तीही लगेच गेली. ही सोय चांगलीच आहे, पण तिचा एक तोटा मी वारंवार बघते. भोवती लोक काय बोलतात ते अजिबात कळत नसलं की माणूस सगळे अर्थ चेहऱ्यांवरून लावायला लागतो.

पहिल्या व्हिडिओ कॉलच्या वेळी तिच्याकडे भर उन्हाळ्यातली दुपार होती आणि तरी खोलीत दिवा लागलेला होता. खिडकीचं शटर पार खालपर्यंत ओढलेलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “समोरच्या बाल्कनीत एक आजी बसलेल्या असतात. सारख्या इकडेच बघतात.” मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. टिकली लावणं बंद केलं होतं. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत. बाहेर पडताना कानात इअरफोन, पण त्यात गाणी नाहीत. कोणी काही बोललं तर ऐकू आलं नाही असं दाखवता यावं म्हणून. लोकल ट्रेनमध्ये जागा असली तरी दाराशी उभं राहायचं. खरेदी दुकान बंद व्हायच्या थोडं आधी, गर्दी ओसरल्यावर.

घरी तिने सांगून बघितलं होतं. आई फोनवर म्हणाली, “अगं, दिसायला छान आहेस, बघणारच लोक.” नवरा म्हणाला, “तू फार विचार करतेस. दुर्लक्ष कर.” दोघांनी मायेनेच सांगितलं, पण तिला त्यातून एकच ऐकू आलं: हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. म्हणून मी सुरुवातच याने केली की लोक बघतात हे खरं आहे. ज्या गावात सावळा चेहरा क्वचितच दिसतो, तिथे नजरा वळतात. ते नाकारून पुढची कुठलीच गोष्ट करता येत नाही.

जर्मनीत तर नजरेचा रिवाजच वेगळा आहे. अनोळखी माणसाकडे सरळ, न हसता, आपल्याला अवघड वाटेल इतका वेळ बघण्यात तिथे अनेकांना काही वावगं वाटत नाही. इंग्लंड-अमेरिकेतून तिथे राहायला गेलेले गोरे लोकही याबद्दल कुरकुरतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 मध्ये लिहिलं होतं की सार्वजनिक जागी अनोळखी माणसं एकमेकांकडे ओझरतं बघतात आणि लगेच नजर काढून घेतात. ‘तुम्ही दिसलात, पण तुमच्यात मी डोकावत नाही’ असं सांगण्याची ती सभ्य रीत असते. ही नजर किती क्षणांनी काढायची, हे मात्र जागोजागी बदलतं. आपल्याकडेही अजिंठ्याला आलेल्या परदेशी पाहुण्यांभोवती लोक गोळा होतात, सेल्फी मागतात. पुण्यात शिकायला येणाऱ्या मणिपूर-नागालँडच्या मुलींना किंवा आफ्रिकेतल्या मुलांना विचारून बघा, रस्त्यावरच्या नजरांबद्दल ते काय सांगतात. ते ऐकून आपल्याला वाईट वाटलं पाहिजे.

पण ‘तिथली पद्धतच आहे’ एवढ्यावर मी थांबत नाही, कारण सगळ्या नजरा पद्धतीच्या नसतात. काहींमध्ये खरोखर तिरस्कार असतो. आणि नेमकं यानेच माणूस थकतो. समोरचा का बघतोय हे कळायला मार्ग नसतो, पण मन दर वेळी निकाल मागतं. माझ्या रंगामुळे? कपड्यांमुळे? माझं काही चुकलं? की तो नुसताच तंद्रीत आहे? भेदभाव ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना अशा संदिग्धतेशी कसं झगडावं लागतं, यावर जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. उघड शिवी निदान ओळखता तरी येते. नजरेचं तसं होत नाही. ती घरी आल्यावरही डोक्यात फिरत राहते.

म्हणून आम्ही ठरवलं की नजरेचा निकाल लावायचाच नाही. निकाल लावायचा तो फक्त कृतीचा.

त्यासाठी तिला एक वही करायला सांगितली. बाहेरून आल्यावर आधी लिहायचं, डोळ्यांना काय दिसलं. मग, मला काय वाटलं. आणि शेवटी, समोरच्याने प्रत्यक्ष केलं काय. तिच्या वहीतली एक नोंद अशी होती: ‘आजोबांनी माझ्या पिशवीकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, परत पिशवीकडे. मला वाटलं, यांना मी चोर वाटते. आजोबांनी केलं काय: पुढच्या स्टेशनला उतरले.’ वही भरत गेली तसं शेवटच्या रकान्यात ‘काही नाही’ हेच पुन्हा पुन्हा येऊ लागलं. मी तिला हे सांगण्याची गरज पडली नाही, तिचं तिलाच दिसलं.

एक नोंद मला फार बोलकी वाटते. रविवारी सकाळी ती रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या कंटेनरमध्ये टाकायला गेली. रस्त्यावरून जाणाऱ्या एक बाई थांबल्या, तिच्याकडे रोखून बघत राहिल्या, मान हलवली आणि गेल्या. घरी येऊन ती रडली. पुढे कळलं की जर्मनीत रविवार शांततेचा दिवस, त्या दिवशी काच टाकायची नसते. वेळा कंटेनरवरच लिहिलेल्या होत्या, पण तिला वाचता येत नव्हत्या. आता त्या बाई तिच्या रंगाकडे बघत होत्या की बाटल्यांकडे? बहुतेक बाटल्यांकडे. खात्रीने सांगता येणार नाही, आणि ती खात्री मिळवल्याशिवायही तिला सोमवारी बाटल्या टाकायला जाता आलं.

याच सुमारास मी तिला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी तो 1980 मध्ये प्रसिद्ध केला. काही जणांच्या चेहऱ्यावर मेकअपने व्रण रंगवला, तो त्यांना आरशात दाखवला आणि मग क्रीम लावण्याच्या निमित्ताने त्यांच्या नकळत पुसून टाकला. व्रण आहे अशा समजुतीने ही माणसं एका अनोळखी व्यक्तीशी बोलून आली, आणि त्या व्यक्तीच्या वागण्यावर व्रणाचा परिणाम झाल्याचं त्यांना ठामपणे जाणवलं. हा प्रयोग जपून वापरावा लागतो. ‘भेदभाव वगैरे काही नसतो, सगळं तुमच्या डोक्यात’ असं त्यावरून कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. तो एवढंच दाखवतो की लक्ष सतत स्वतःवर खिळलेलं असलं की समोरच्याच्या प्रत्येक हालचालीचा धागा आपण आपल्याशी जोडतो. तिचे इअरफोन, दाराशी उभं राहणं, शटर, हे सगळं तिने बचावासाठी केलं होतं, पण त्यामुळेच ती सारखी पहाऱ्यावर राहत होती.

पहारा हळूहळूच उठवायचा असतो. आधी फक्त एक स्टेशन, इअरफोन काढून. मग सीटवर बसून. लक्ष मुद्दाम बाहेर न्यायचं: पुढच्या स्टेशनांची नावं वाचायची, सायकली बघायच्या, कुत्र्यांच्या जाती ओळखायच्या. कोणाशी नजर भिडली तर मान किंचित लववून ‘हालो’ म्हणायचं आणि आपली नजर काढून घ्यायची. हसलंच पाहिजे असं नाही. त्या भागात ‘ग्रूस गॉट’ म्हणतात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरतानाही सगळ्यांना उद्देशून अभिवादन करतात, आणि तुम्ही ते केलंत की बघणाऱ्यालाही बहुधा उत्तर द्यावंच लागतं.

एके दिवशी तिने शटर अर्धं उघडून समोरच्या आजींना ‘ग्रूस गॉट’ म्हटलं. आजींनी लगेच उत्तर दिलं आणि पुन्हा बघत राहिल्या. ती हे सांगताना पहिल्यांदाच मोकळं हसली. त्या भागात जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. पाटी आपल्या दाराला लागली आहे याचा अर्थ काय, हे तिला त्याच आजींनी खाणाखुणांनी समजावलं. आजी प्रेमळ निघाल्या असं मी म्हणणार नाही. त्या सगळ्यांवरच लक्ष ठेवून असतात.

टिकली लावावी की नाही, याचा सल्ला मी देत नाही. मी एवढंच म्हटलं की भीतीपोटी काढली असेल तर भीती उतरल्यावर पुन्हा ठरव. गावातल्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण केंद्रात, तिने जर्मनचा वर्ग लावला. वर्गाला ती टिकली लावून जाते. संध्याकाळी उशिराच्या ट्रेनला लावत नाही. मला दोन्ही पटतं.

कारण एकदा खरोखरच वाईट प्रसंग घडला. संध्याकाळच्या ट्रेनमध्ये एक माणूस जवळ येऊन तिच्या तोंडावर ओरडायला लागला. तिला त्यातला ‘औसलेंडर’, म्हणजे परदेशी, एवढाच शब्द कळला. इथे ‘लक्ष स्वतःवरून काढ’ हा सल्ला लागू नाही. कोणी वाट अडवली, पाठलाग केला, ओरडलं, हात लावला तर वाद न घालता उठायचं, माणसं असतील तिकडे जायचं. मदत मागताना सगळ्यांना हाका न मारता एकाच माणसाकडे बघून मागायची, ‘निळ्या जॅकेटवाले, तुम्ही’ अशी. पोलिसांचा नंबर 110. कोणी अपमान केला तर जर्मन दंडसंहितेच्या कलम 185 खाली तो गुन्हा आहे आणि त्यासाठी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. घर, नोकरी किंवा दुकानात वंशावरून डावललं तर 2006 चा समान वागणुकीचा कायदा आहे; त्याखालचा दावा दोन महिन्यांत मांडावा लागतो, नोकरीच्या बाबतीत लेखी. केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय पहिला कायदेशीर सल्ला फुकट देतं. तिने तक्रार दिली. तो माणूस सापडला नाही. तरी तक्रार दिली हे तिने उत्तम केलं असं मला वाटतं.

काही आठवडे घराबाहेर पडणंच होत नसेल, झोप उडाली असेल, ट्रेनच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर एकट्याने रेटू नका. जर्मनीत फॅमिली डॉक्टरला सांगा, किंवा 116117 वर फोन करून मानसोपचाराची पहिली भेट मागा. आपल्या भाषेत बोलायचं असेल तर ऑनलाइन समुपदेशक मिळतात.

घरच्यांना माझी विनंती आहे, ‘दुर्लक्ष कर’ म्हणण्याआधी ‘आज काय झालं?’ एवढं विचारा. तिच्या नवऱ्याला मी एकदा कॉलवर बसवलं आणि हाच प्रश्न त्यालाच विचारला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मलाही बघतात. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी डबा उघडायचं कधीच सोडलंय, गाडीत बसून खातो.” तिला हे ठाऊकच नव्हतं. पुढच्या भेटीपासून दोघं बरोबर येऊ लागले.