१९७० च्या शेव्हेल एसएसमध्ये मूळ इंजिन नसेल तर किंमत किती उतरते?

तुम्ही म्हणता, गाडी शेव्हर्ले शेव्हेल एसएस ३९६ आहे (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, ३९६ हा इंजिनाचा घन इंचांतला आकार), बॉडी सुरेख आहे, पण इंजिन नंतर बसवलेलं आहे. किंमत किती पाडून मागायची ते नंतर बघू. आधी मालकाला एक विचारा: ही गाडी कारखान्यातून एसएस म्हणूनच निघाली, हे तो कशावरून सांगतो?

१९७० च्या शेव्हेलचा चेसिस नंबर याबाबत गप्प असतो. १९६६ ते १९६८ च्या एसएस ३९६ चा नंबर १३८ ने सुरू होतो, तिथे वाद नाही. १९७० मध्ये मात्र एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, मालिबू या शेव्हेलच्याच मॉडेलवर जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं. नंबर १३६ ने सुरू होतो आणि त्यातून कळतं ते एवढंच की ही व्ही-८ मालिबू आहे. बिल्ले, ग्रिल, बॉनेट सगळं सुटं विकत मिळतं, त्यामुळे साध्या मालिबूच्या एसएस झालेल्या गाड्या भरपूर आहेत.

म्हणूनच या गाडीत मूळ इंजिन म्हणजे पुरावाही असतो. प्रवाशाच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा असते. तिथे इंजिन कुठे आणि कधी जुळवलं, कोणत्या ताकदीचं, कोणत्या गीअरबॉक्ससाठी, हा कोड पंच केलेला असतो आणि सोबत चेसिस नंबरचा भागही असतो. दोन्ही जुळले तर गाडीची ओळख पटते. ते इंजिन गेलं की यंत्र जातं आणि साक्षीदारही जातो. किंमत दोनदा उतरते ती अशी.

इतर गाड्यांचं असंच होतं असं नाही. साठच्या दशकातल्या मस्टँगच्या नंबरातलं पाचवं अक्षर के असेल तर ती २७१ अश्वशक्तीचं २८९ इंजिन घेऊनच निघाली. १९७० च्या प्लिमथ बाराकुडात त्याच जागी आर असेल तर ४२६ हेमी हे इंजिन. इंजिन हरवलं तरी कूळ शाबूत राहतं. १९६४-६५ ची पाँटियाक जीटीओ शेव्हेलसारखीच पॅकेजवाली, पण तिच्या कारखान्याच्या नोंदी मागवता येतात. शेव्हेलसाठी ही सोय कॅनडात विकलेल्या गाड्यांपुरती आहे, तेव्हा तेही विचारून घ्या.

बाकी शेव्हेलसाठी आधार बिल्ड शीटचा. कारखान्यातला हा कागद बरेचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेला सापडतो. त्यावर झेड २५ दिसलं तर ती एसएस ३९६, झेड १५ म्हणजे एसएस ४५४.

कागद मिळाला की मग ट्रिमचा, म्हणजे गाडी कोणत्या इंजिन-गीअरबॉक्स-बॉडीची होती त्याचा विचार. ४५० अश्वशक्तीचं एलएस ६ (४५४ चाच एक प्रकार), चार गीअरचा मॅन्युअल, उघड्या टपाची बॉडी असं काही असेल तर मूळ इंजिन नसण्याचा फटका फार मोठा, कारण तिथे पैसे त्या इंजिनाचेच मोजले जातात. ३५० अश्वशक्तीचं ३९६, ऑटोमॅटिक, बेंच सीट असेल तर फटका बराच हलका. रंगही बघा. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) पत्र्यावर मूळ रंगाचा कोड असतो, आणि तो बदललेला असेल तर मी त्याचेही पैसे कमी करतो.

आता बसवलेल्या ब्लॉकवरचा नंबर सीईने सुरू होत असेल तर तो कंपनीने बदली म्हणून दिलेला ब्लॉक आहे. सोबत वॉरंटीचे कागद असतील तर मी त्याला बऱ्यापैकी मान देतो. उलट, मालक अचानक ‘नंबर जुळतात’ म्हणू लागला तर ती सपाट जागा टॉर्च लावून बघा. कारखान्याच्या कटरच्या बारीक समांतर रेषा तिथे असतात. जागा गुळगुळीत घासलेली दिसली तर नंबर पुन्हा ठोकल्याचा संशय घ्या. ब्लॉकच्या ओतकामाची तारीखही गाडी बनण्याच्या आधीचीच हवी.

कागद निघाला तर भाव मूळ इंजिन नसलेल्या एसएसचा, नाही निघाला तर मोठं इंजिन टाकलेल्या चांगल्या मालिबूचा. मालक टाकी उतरवून बघू देत नसेल, तर मी मालिबूच्या भावावरूनच बोलणी सुरू करेन.